अकरा दिवसांचं शेवटचं प्रकरण

माझ्या गोष्टींतली माणसं मरत नाहीत, अशी माझ्याबद्दल एक तक्रार आहे. मी लिहिते यंत्रमागावरच्या, बिड्या वळणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसांबद्दल. वाचणारे म्हणतात, कष्टांचं वर्णन छान जमलंय, पण शेवटी सगळं बरं कसं होतं? मागच्या वर्षी एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन विचारलं, "बाई, गरिबाचं आयुष्य इतकं सोपं असतं का हो?" त्यांच्या झब्ब्याची इस्त्री इतकी कडक होती, की ती करणाऱ्याला त्यांनी कधी नाव तरी विचारलंय का, हे मला आधी विचारावंसं वाटलं. पण मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता, आणि त्यात माझी एक जुनी लबाडी उघडी पडली असती. आता ती पडलीच आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आम्ही सोलापुरात पूर्वभागात राहायचो. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई घरी बिड्या वळायची. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच नळावर भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींकडे कालवण पाठवायच्या. दुपारी आमच्या ओट्यावर तिघी जणी मांडीवर सूप घेऊन बसत: आई, शेजारची खाला, आणि समोरच्या खोलीतली अक्का. अक्का तेलुगू विणकरांच्या घरातली. नवरा मागावर हाताला दुखापत होऊन घरी बसलेला, आणि दोन मुलींची शाळा तिच्या दहा बोटांवर चाललेली. ती फार बोलायची नाही. हात मात्र असे चालायचे, की बघणाऱ्याला वाटावं बिडी आपोआप वळली जातेय.

त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं. ऐन दुपारी वीज जायची, ती चहाच्या वेळेला यायची. टीव्ही बंद, पंखा बंद. हात कामात आणि कान रिकामे. मी सातवीत होते, शाळा सकाळची. एक दिवस आई वैतागून म्हणाली, "तोंड मिटून काय बसलीस? मोठ्यानं वाच की जरा. शाळेत घातलीय ती कशापायी?" मी इतिहासाचं पुस्तक काढलं. दोन पानांत खालाला डुलकी लागली. मग मी गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात गेले.

तिथल्या काकांचं एक तत्त्व होतं: कष्टकऱ्यांच्या पोरांनी कष्टकऱ्यांबद्दल वाचावं. मला राजकन्या हवी असायची, ते मला गिरणी कामगार द्यायचे. "हे वाच. हे आपल्या माणसांचं आहे," असं म्हणून हातात ठेवायचे. पुस्तकं चांगली असायची, खोटं कशाला बोलू! त्यातली घरं आमच्या घरासारखी होती, भांडणं आमच्या नळावरची होती. फक्त शेवटाकडे येऊ लागलं की मी उरलेली पानं मोजायला लागायचे. कारण बाई मरायचीच. कुणी विहिरीत, कुणी यंत्रात, कुणी नुसतीच खंगून. शेवटच्या पानापर्यंत टिकलेली एकही मला आठवत नाही.

पहिलं पुस्तक मी प्रामाणिकपणे शेवटपर्यंत वाचलं. हमालाची बायको मेली. खालानं पदर डोळ्यांना लावला, तो काढेचना. आईचे हात सैल पडले, दोरा सैल पडला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बिड्या तपासणाऱ्यानं ढीगभर बिड्या छाटात काढल्या, म्हणजे नापास केल्या. आई घरी आली ती तणतणतच.

"उद्यापासनं मेलेली बाई वाचायची न्हाय!"

"आई, पुस्तकातच मेलीय. मी काय करू?"

"ते तुझं तू बघ. तू शिकलेली हायस न्हवं?"

माझ्या लेखनाचं शिक्षण एवढंच. त्यानंतर कुठल्याही शिबिरात मला याहून नेमकी सूचना मिळाली नाही.

मी बायकांना वाचवायला लागले. विहिरीत उडी मारणारी काठावरूनच परत फिरायची. खंगणारीला एक डॉक्टरीणबाई भेटायच्या. कुणाला संशय येत नव्हता. पुस्तक उघडं धरायचं, आवाज तोच ठेवायचा, आणि मनाचं बोलत सुटायचं. छाट कमी झाली. आई खूश. मला वाटलं, यात कुणाचं काय नुकसान?

मग ती खडी फोडणाऱ्या बाईची कादंबरी आली.

तिचं स्वप्न होतं खानावळीचं. दगड फोडता फोडता ती मनातल्या मनात जेवायला वाढायची: इथं पाट, इथं तांब्या, इथं चटणी. मी ते प्रकरण वाचत होते आणि मधेच मला काहीतरी वेगळं वाटलं. वर पाहिलं तर अक्काचे हात थांबले होते. अक्काचे हात! सुपात पान तसंच अर्धं वळलेलं. ती माझ्याकडे नाही, पुस्तकाच्या पाठीकडे बघत होती.

"पुढं?" ती म्हणाली.

आता हे सांगायला हवं, की अक्काच्या हाताची कडक भाकरी म्हणजे गल्लीचा अभिमान होता. मंगळवेढ्याकडची ज्वारी, कागदासारखी पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद आचेवर वाळवलेली. हातात घेतली की कट्कन मोडायची. लग्नाला, गावाला, हॉस्पिटलात डबा द्यायला, सगळे अक्काकडूनच करून न्यायचे. ती विकावी असं तिच्या मनात होतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. त्या खडीवालीला मात्र मनोमन सांगितलं असावं.

शेवटचं प्रकरण मी आधीच वाचून ठेवलं होतं. अडीच पानांचं. खाणीतली दरड कोसळते आणि ती खाली सापडते. बस. एवढी स्वप्नं बघायला लावून लेखकानं तिला दगडाखाली घातलं. मला त्या लेखकाचा असा राग आला होता, की तो समोर असता तर मी त्याच्या अंगावर शाईची दौत ओतली असती.

म्हणून मी तिला दरडीच्या आदल्या दिवशी खाणीतून काढलं आणि एसटी स्टँडसमोर बसवलं. मी समजले, झालं. खानावळ निघाली, सुखी झाली, पुस्तक मिटलं. पण अक्का मिटू देईना.

"सुरवातीला भांडी कुटनं आणली तिनं?"

मी पुस्तकात बघितलं. पुस्तकात दरड होती. "ते उद्याच्या पानावर आहे," मी म्हणाले.

संध्याकाळी नव्या पेठेत गेले आणि भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी खडीवालीनं जुनी भांडी मोडीत घालून दोन मोठे तवे आणले. अक्कानं मान हलवली. "आणि पैल्या दिवशी किती केलं? सगळं संपलं का? कोण ओरडलं न्हाय का तितं बसल्यावर?" मी वडलांना विचारलं, शाळेसमोरच्या भजीवाल्या मावशींना विचारलं, स्टँडवर पेरू विकणाऱ्या आजींना विचारलं. जे कळेल ते दुसऱ्या दिवशी छापील असल्यासारखं वाचून दाखवलं. अडीच पानांचं ते प्रकरण मी अकरा दिवस वाचलं. वाचनालयातले काका म्हणाले, "एवढं आवडलं?" मी मान डोलावली.

खानावळीची भाजी-आमटी माझ्या हातून केव्हाच सुटली होती. खडीवाली आता नुसत्या भाकरी विकत होती. हा बदल का झाला, असं कुणी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी अक्का दुपारी आली, पण सूप न घेता. आईला म्हणाली, "उद्या कार्ड परत करून येते. सोमवारपासनं स्टँडसमोर भाकरी घेऊन बसते."

कार्ड म्हणजे बिडी कारखान्याचं कार्ड. ते असलं तर पान-तंबाखू मिळते, काम मिळतं. परत केलं की दुसऱ्या बाईला जातं, आणि मग पुन्हा मिळवायचं म्हणजे चपला झिजवायच्या. अक्काच्या घरी दुसरं काहीच येत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते. हे सगळं मी बनवलेलं होतं. भजीवाल्या मावशी आणि पेरूवाल्या आजी यांच्या गप्पांवर एक बाई स्वतःचं घर उचलून ठेवायला निघाली होती.

अक्का गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. रडत रडत. खडीवाली मरते, दरड कोसळते, तवे-बिवे सगळं माझं. मला वाटलं, आता मार बसणार. आईनं हातातली बिडी पुरी केली, दोरा बांधला, सुपात ठेवली.

"तिला आत्ता सांगितलंस तर काय हुईल?"

"ती कार्ड परत देणार नाही."

"आन् मग?"

मग म्हणजे पुन्हा सूप, पुन्हा तंबाखूची धूळ, पुन्हा ती अर्धी वळलेली बिडी.

"तिच्या भाकरी बी तूच बनवल्यास का गं?" आई म्हणाली. "भाकरी तर खऱ्या हायत न्हवं? मग गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट आता आम्ही दोघी चोर होतो.

अक्का सोमवारी स्टँडसमोर बसली. मी शाळा सुटल्यावर पळत गेले. लांबूनच दिसलं, काहीतरी बिघडलंय. अक्काच्या टोपलीत भाकरींची चळत तशीच, आणि एक गिऱ्हाईक भाकरी दोन्ही हातांनी ओढून बघतंय. ती मोडेना. लांबत होती.

झालं होतं ते असं. सातव्या की आठव्या दिवशी अक्कानं विचारलं होतं, खडीवाली भाकरी स्टँडवर नेते तर वाऱ्या-धुळीत ठेवते कशी? मी बिडीवालीची पोर. आमच्या घरात बिडीचं पान आणलं की भिजवायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळायचं, नाहीतर ते चुरतं. तेव्हा मी बेधडक वाचलं: "तिने भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या." आणि अक्का! जन्मभर कडक भाकरी कोरड्या डब्यात ठेवणारी, ज्या कामात तिला सोलापुरात कुणी हरवलं नसतं ती अक्का, पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडून ओलं फडकं गुंडाळून बसली. बिडीवालीनं सांगितलं आणि बिडीवालीनं ऐकलं. चाळीस भाकरींचं चामडं झालं.

ती मला रागावली नाही. तेच जास्त लागलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरी, ते पान परत वाच. माझं ऐकायला चुकलं असंल."

मी पुस्तक उघडलं. माझ्या समोर दरड कोसळत होती आणि शेजारी अक्का बसली होती, डोळे कोरडे, हात मांडीवर रिकामे. त्या क्षणी मला वाटलं, सांगून टाकावं. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते हे:

"पहिल्या दिवशी तिच्या भाकरी मऊ पडल्या. एकही गेली नाही. लोक हसले. ती घरी आली आणि तिनं ते ओलं फडकं चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकातलं... म्हणजे, लोकांचं ऐकलं नाही. तिच्या हातांना जे येत होतं तेच केलं."

"हे आधी का न्हाय वाचलंस?"

"पानं चिकटली होती, अक्का."

अक्कानं रिकामे हात पदराला पुसले. मग विचारलं, "तिच्या बी मऊ पडल्या?"

"तिच्या पण."

"लोक हसले?"

"खूप."

आणि अक्काचा चेहरा उजळला. मला आजही तो दिसतो. इतके दिवस मी खडीवालीचं सगळं सुरळीत चालवलं होतं, आणि अक्का ते ऐकत होती ती जरा भीतभीतच. खडीवालीची फजिती झाली म्हटल्यावर ती अक्काची सख्खी बहीण झाली. माझ्यावर टीका करणाऱ्या गृहस्थांना मी हे सांगायला हवं होतं. सोपं आयुष्य ऐकायला अक्काला मुळीच नको होतं. फजिती हवी होती, आणि फजितीच्या दुसऱ्या दिवशी काय केलं ते हवं होतं. मेलेल्या बाईला दुसरा दिवस नसतो, एवढीच माझी अडचण आहे.

मऊ भाकरी गल्लीनं आमटीत कुस्करून खाल्ल्या. खाला म्हणाली, "ऐसीच रोज बिघडाव गे, हमना चलतंय." मंगळवारी अक्का कोरडा डबा घेऊन स्टँडवर गेली. त्या दिवशी नऊ भाकरी गेल्या. मग बारा. मग एक दिवस वेळापूरला निघालेल्या एका लग्नाच्या वऱ्हाडानं अख्खा डबा उचलला. मी पुस्तक वाचनालयात परत केलं आणि काकांना सांगितलं, हे पुन्हा आमच्या गल्लीत कुणाला देऊ नका, फार दुःखी आहे.

आज अक्काकडे आठ बाया काम करतात. नव्या पेठेच्या मागं एक मोठी खोली, ओळीनं तवे, कोपऱ्यात शेंगाचटणीचा खलबत्ता. मुली शिकल्या, एक तर बँकेत आहे. अक्काचे केस पांढरे झाले, आवाज मोठा झाला. आणि साठीच्या पुढं, नातीच्या गृहपाठाशेजारी बसून, ती वाचायला शिकली. आधी पिठाच्या पोत्यावरची अक्षरं, मग पेपरातले मथळे. मग एक दिवस तिनं मला फोन केला.

"ते खडीवालीचं पुस्तक आण. आता माझं मी वाचते."

मी म्हणाले, वाचनालय बंद पडलंय. खोटं होतं. पुढच्या वेळी म्हणाले, पुस्तक हरवलंय. तेही खोटं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू एवढी पुस्तकं लिहितीस, आणि मला एक मिळत न्हाय?" मग मात्र मला माझीच लाज वाटली. वाचनालयात जुनी पुस्तकं काढून टाकत होते, त्यात ते होतं. रिक्षात बसल्या बसल्या मी शेवटची अडीच पानं चिमटीत धरली. फाडली की मोकळी. पण ज्या बाईनं साठीनंतर अक्षरं गोळा केली, तिच्या हातात फाटकं पुस्तक कसं ठेवायचं? तसंच दिलं आणि चहाही न घेता पळाले.

चार दिवस फोन वाजला की उचलायच्या आधी मी नाव बघायचे. मला एकाच गोष्टीची भीती होती, की ती म्हणेल, तू मला फसवलंस. तिनं कार्ड परत दिलं ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द पुस्तकाचा नव्हताच. पाचव्या दिवशी तिनं बोलावलं.

खोलीत आठही बायांचे हात पिठात होते. अक्का चष्मा लावून बसलेली, पुस्तक पिठाच्या डब्यावर.

"बस," ती म्हणाली. मी बसले.

"ओल्या फडक्याचं ह्यात कुटंच न्हाय."

"नाही."

"म्हंजे ते तुझं डोस्कं."

"हो, अक्का."

"चाळीस भाकरी! चाळीस भाकरीचं चामडं केलंस गं माझ्या!" ती कडाडली आणि सगळ्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. मला हसू येईना. तिनं शेवटचं पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं.

"ही मेली."

"हो. पुस्तकात ती मरते. मी तुला खोटं वाचून दाखवलं, अक्का. मला माफ कर."

अक्कानं चष्मा काढला. पदरानं पुस्तकावरचं पीठ पुसलं, हळूच, लहान पोराचं तोंड पुसावं तसं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

"दुपारचं तिला कुणी वाचून दाखवलंच न्हाय की गं," ती म्हणाली. "एकटीच दगड फोडत ऱ्हायली, बिचारी."

तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता. मग अक्कानं नाक शिंकरलं, पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ह्या पोरींचं कान रिकामंच हायत. वाच."

मी शेवटचं प्रकरण उघडून समोर धरलं, आणि त्याच्याकडे न बघता वाचायला सुरुवात केली.